कोणत्याही देवाचं चालेल

आमच्या घरमालकांच्या दुकानात नव्या गिऱ्हाइकाची फजिती ठरलेली असे. कॉलेजातला एखादा पोरगा पैसे देई, टिक्की तव्यावर चुरचुरे, पाव लोण्यावर भाजून निघे, सगळं कागदात गुंडाळून तयार होई, आणि मग मालक ते पुडकं स्वतःच्याच छातीशी धरून उभे राहत. पोरगा हात पुढे करी. मालक कागदावरच्या तांबड्या ओळींकडे बोट दाखवत. तिथे छापलेलं असे : ‘खायच्या आधी एकदा देवाचं नाव घ्या. कोणत्याही देवाचं चालेल. मोठ्यानं घ्या.’

पोरगा हसे, मागे वळून मित्रांकडे पाही आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटे. मालक मान हलवत. ऐकू आलं नाही म्हणत. भूक एवढी मोठी आणि आवाज एवढासा, असं कसं, म्हणून विचारत. शेवटी पोरगा ओरडे, रांग खिदळे, आणि पुडकं त्याच्या हातात पडे.

अमरावतीत बर्गर आणि रोल विकणारी दुकानं पैशाला पासरी आहेत, पण देवाचं नाव वसूल केल्याशिवाय माल न सोडणारं दुकान तेवढं एकच. बाहेरगावचे लोक मालकांना मोठे भगत समजत. मोझरीच्या आश्रमाला निघालेली भाविकांची एक गाडी एकदा तिथे चहाला थांबली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं कागद वाचला आणि वाकून मालकांच्या पायाला हात लावला. मालक असे दचकून मागे सरकले की हातातला झारा खाली पडला. कारण खरी गोष्ट अशी की त्या माणसाचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता.

मी मूळची अकोल्याची. अमरावतीच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी लागली, म्हणून त्यांच्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली. तेव्हा कागद कोरा होता. गल्ल्यामागच्या भिंतीवर, जिथे लोक लक्ष्मीचा फोटो लावतात तिथे, मालकांनी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलं होतं. आग लागल्यावर जो धावून येतो तो लावला, असं त्याचं स्पष्टीकरण. वर्गणीवाली पोरं आली की ते पावती फाडू देत नसत, मंडळाच्या नावानं बर्गर बांधून देत. देव असेल तर त्यालाही भूक लागत असेल, घेऊन जा त्याच्यासाठी, असं म्हणत. पोरं कोपऱ्यावर जाऊन ते बर्गर स्वतःच खात. मालकांना ते इथून स्वच्छ दिसे आणि त्यांची काही हरकत नसे.

“भूक खरी, बाकी गप्पा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाऊस लांबला तरी हेच, निवडणूक झाली तरी हेच, शेजारच्यांच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं तरी हेच. पहिल्या महिन्यात मला त्या वाक्याचा इतका वीट आला की ते ऐकावं लागू नये म्हणून मी जिना दबकत उतरत असे. माणूस एखाद्या वाक्यावर सबंध आयुष्य लावतो म्हणजे काय, ते तेव्हा मला कळत नव्हतं.

काकू, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. मोर्शीकडच्या संत्र्याच्या मळ्यात, रोज संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत वाढलेल्या. तोंडानं मोठ्यानं देवाचं नाव घेतल्याशिवाय त्यांनी कळायला लागल्यापासून एक घास पोटात घातला नव्हता. चहाचा घोटसुद्धा नाही. लग्नात एकमेकांना घास भरवायची वेळ आली तेव्हा म्हणे नवरदेव भाताचा घास धरून उभा आणि नवरी सावकाश देवाचं नाव घेतेय. तोवर अर्धा भात त्याच्या नव्या कोटावर सांडला होता. तेव्हापासून दोघांचं जे सुरू झालं ते थांबलं नाही. ते म्हणायचे, तुझा देव उरकेपर्यंत माझी भाजी थंड होते. त्या म्हणायच्या, एकदा घेऊन तर पाहा, भाजीची चव कळेल. रोजची ही कुरबूर जिन्यावरून ऐकताना मला हसू यायचं. एकमेकांवर जीव असलेल्या माणसांचंच असं भांडण टिकतं.

एका सकाळी काकू आंघोळ करून येताना दारात कोसळल्या. अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, दुकानाला लागून असलेल्या खोलीत खिडकीशी खाट टाकली, मध्ये एक पडदा लावला, आणि खरा घोर तिथून सुरू झाला. दवाखान्यात सलाईनवर निभावलं होतं. घरी आल्यावर काकू खाईनात.

गिळता येत होतं, ते डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. भूक लागत होती, ती डोळ्यांत दिसत होती. पण ताकातल्या ज्वारीच्या कण्यांचा चमचा ओठांशी आला की त्या तोंड उघडून काहीतरी म्हणायला जात, घशातून नुसती घरघर निघे, आणि मग त्या ओठ घट्ट मिटून घेत. नाव घेतलं गेलं नाही, तर जेवायचं नाही. आम्हाला वाटलं, आपण त्यांच्या वतीनं घेऊ. मी घेतलं. काकूंनी डाव्या हातानं माझा गाल थोपटला आणि नकारार्थी मान हलवली. शेजारणींनी घेतलं. भजनाच्या बायका येऊन टाळ वाजवून गेल्या. तरी नाही. आम्ही सगळे त्यांना खाऊ घालण्यासाठी नाव घेत होतो, लहान पोराला चिऊचा घास म्हणतात तसं, आणि ते त्यांना बरोबर कळत होतं.

मालकांनीही घेऊन पाहिलं. चमचा हातात धरून, भिंतीकडे बघत. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चमचा गुपचूप वाटीत ठेवला. “आतापर्यंत कधी खोटं बोललो नाई तिच्याशी,” ते मला बाहेर येऊन म्हणाले. “आता बोलून राह्यलो, ते नाई पचलं तिले.”

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. काकू ती नळी डाव्या हातानं उपटून टाकतील, याबद्दल आम्हा कोणालाच शंका नव्हती.

घरात बसवेना म्हणून मालकांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दुपारी त्यांचा रोजचा एक रिक्षावाला आला. त्यानं रोल घेतला आणि तिथेच उभ्यानं, पहिला घास घेण्याआधी, त्याच्या सवयीनं ‘बिस्मिल्ला’ म्हणाला. मी पडद्याच्या आत कण्यांची वाटी घेऊन बसले होते. काकूंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

मला चमचा भरायचंही सुचेना. मग मी भरवत गेले आणि त्या गिळत गेल्या. एका भुकेल्या माणसानं कोणी न सांगता, स्वतःच्या घासासाठी घेतलेलं नाव होतं ते. काकूंनी ते आपल्याही घासाला लावून घेतलं. वाटी संपल्यावर मी पडदा सारून ती रिकामी वाटी मालकांना दाखवली. त्यांनी वाटीकडे पाहिलं, रिक्षावाल्याकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, “संध्याकाळी येशीन का रे?”

“भूक लगी तो आता भाऊ,” तो म्हणाला.

एकट्या रिक्षावाल्याच्या भुकेवर बायको कशी जगवायची, हा विचार मालकांनी रात्रभर केला असणार. दिवसभर आपल्या दारात इतकी भुकेली तोंडं येतात, त्यांतल्या एखाद्याचं तरी खरं निघेल, असा हिशेब त्यांनी मांडला. प्रत्येकाला तोंडानं समजावत बसलो तर पाव करपतात, म्हणून सांगायचं काम कागदावर सोपवलं. दुकानाचा कागद अकोल्याच्या एका छापखान्यातून येई. तो चालवणारे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचा नेमके गावाला गेले होते. मालकांनी फोनवरून मजकूर सांगितला आणि कामगारांनी तो सांगितला तसा छापला.

इथे मालकांनी घोळ घातला, आणि तो घोळ फक्त देव न मानणारा माणूसच घालू शकतो. कोणी रुसायला नको म्हणून त्यांनी कॅलेंडरं धुंडाळून जेवढे देव मिळाले तेवढ्यांची नावं कागदावर छापून घेतली. वर मजकूर आणि खाली देवांची गर्दी. कागद आला, पोरांनी बर्गर खाल्ले आणि कागद टाकून दिले. कागदाला चुकून पाय लागला तरी कपाळाला हात लावणारी आपली माणसं. पण तेलकट कागदावर काय छापलंय ते बघत कोण बसतं? तिसऱ्या दिवशी काकूंना खिडकीतून दिसलं की एका स्कूटरच्या चाकाला त्यातला एक कागद चिकटलाय आणि देव चाकाबरोबर गरगरा फिरताहेत. त्यांनी तोंड मिटलं. दुपारी रिक्षावाला येऊन गेला तरी उघडलं नाही. मालक गयावया करू लागले तेव्हा त्यांनी डावा हात उचलून खिडकीकडे दाखवलं.

मालकांनी शटर ओढलं, बटाट्याचं रिकामं पोतं घेतलं आणि रस्त्यावर उतरले. गटाराच्या कडेनं, कॉलेजच्या फाटकापर्यंत, पानटपरीच्या मागे, दिसेल तो कागद उचलत आणि शर्टाच्या बाहीनं पुसून पोत्यात ठेवत चालले. आधी मी त्यांच्यामागे गेले. मग दोन-चार पोरं आली, मग रिक्षावाला रिक्षा लावून आला. देवळासमोरून जाताना चप्पलही न काढणारा हा माणूस नालीत वाकून देवांची नावं गोळा करत होता आणि एकदाही म्हणाला नाही की बाकी गप्पा.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर अकोल्याला जाणार होते, म्हणून पोतं घेऊन तेही माझ्याबरोबर आले. छापखान्यात चाचांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कोपऱ्यातल्या उंच खुंटीवरची एक गोणी उतरवली. छापताना बिघडलेले, कापून उरलेले, ज्यांच्यावर पाक, म्हणजे पवित्र, मजकूर आहे असे सगळे तुकडे ते त्या गोणीत जपून ठेवत आणि वर्षाकाठी मूर्तिजापूरकडच्या आपल्या वावरात, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी, मातीत पुरत. आमच्या पोत्यातले तेलकट कागद त्यांनी मूठमूठ करून त्याच गोणीत भरले. वेगळी गोणी घेतली नाही. मग हात धुऊन मालकांना म्हणाले, “भाऊ, नाव छापू नका तुमी. जागा सोडा. ज्याचं जे हाये, ते तो भरते.”

तेव्हा कुठे ती तीन वाक्यं तयार झाली. कागदावर एकाही देवाचं नाव नाही, आणि टाकून दिला तरी कोणाचा अपमान नाही.

पुढे मी सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि दुपारी परत आल्यावर पडद्याआड वाटी घेऊन बसू लागले. बाहेर मालकांची वसुली चाले. एकदा एक चष्मेवाला पोरगा अडून बसला. मी देव मानत नाही, मी नाव घेणार नाही, आणि पैसे दिलेत तर बर्गर द्या. “मी बी नाई मानत,” मालक म्हणाले. “मोठ्यानं घे.” पोरगा आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्यानं घेतलं. तो पुढे रोजचा गिऱ्हाईक झाला.

काकू मात्र प्रत्येकाच्या नावावर जेवत नसत. कितीतरी जण घेऊन जात आणि त्या डोळे मिटून नुसत्या ऐकत पडून राहत. मध्येच एखाद्याचं नाव कानावर आलं की तोंड उघडत. कोणाचं चालेल याचा अंदाज मला शेवटपर्यंत बांधता आला नाही. कपाळभर गंध लावलेल्या एका तगड्या गृहस्थानं दुकान हादरेल असं नाव घेतलं, काकू ढिम्म. परीक्षेला उशीर झालेली एक पोरगी रडवेल्या आवाजात घाईघाईनं ‘देवी माते’ म्हणाली, काकूंनी लगेच तोंड उघडलं. एकानं थट्टेत आरोळी ठोकली आणि सगळे हसल्यावर, पुडकं उघडताना, पुन्हा एकदा हळूच नाव घेतलं. आरोळीला काकू हलल्या नाहीत, त्या हळू आवाजाला हलल्या. मला भीती वाटायची त्यांची. आपण काही बोललो तर त्यातलं खरं किती ते या बाईला समजतं, असं वाटून मी त्यांच्याशी जपून बोलायला लागले.

वाटी संपली की मी चमचा वाटीवर वाजवत असे. त्यानंतर बाहेर मालक काहीतरी तोंडात टाकत. त्याआधी नाही. सकाळचा चहासुद्धा नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आलं तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही.

मग शहरात कशावरून तरी तणाव झाला आणि संचारबंदी लागली. शटर खाली. रस्त्यावर पोलिसांच्या शिट्ट्यांशिवाय आवाज नाही. सकाळी काकू पडद्याकडे कान लावून पडल्या होत्या, दुपारीही तशाच. मी रिक्षावाल्याला फोन लावला. त्यानं पलीकडून प्रेमानं नाव घेतलं, पण तो जेवून उठलेला होता, आणि खोटी भूक त्याला कुठून आणता येणार? काकूंनी मान हलवली. मी स्वतः उपाशी राहून पाहिलं. पण घास हातात घेतला की माझं सगळं ध्यान त्यांच्या ओठांवर, स्वतःच्या पोटाची मला आठवणच राहीना. माझंही नाव गेलं वाया. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकूंना मान वळवायचं बळ उरलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, रुग्णवाहिका पाठवतो, नळी घालू. मालकांनी संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून सांगितलं.

मग त्यांनी बंद दुकानात जाऊन तवा तापवला. टिक्की भाजली, पाव दाबला, कागदात नीट गुंडाळला, आणि ते पुडकं घेऊन काकूंच्या खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. काकूंइतकेच दिवस ते उपाशी होते. कागदावरच्या ओळी त्यांनी नव्या गिऱ्हाइकासारख्या बोट ठेवून वाचल्या. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

“देवा,” ते म्हणाले, आणि थांबले.

“देवा, तू असशीन तं इले खाऊ घाल. नसशीन तं मी बसलोच हाओ इथं. मले भूक लागली.”

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. काकूंनी तोंड उघडलं.

मी उठून वाटी मालकांच्या हातात दिली. एक चमचा काकूंना, एक घास स्वतः, असं करत दोघं जेवली. काकूंच्या ओठांच्या कडेनं ताक ओघळलं ते मालकांनी बाहीनं पुसलं, त्या दिवशी कागद पुसले होते तसंच. हजारो माणसं एका सुरात प्रार्थनेला बसलेली मी पाहिली आहेत, मोठ्या मोठ्या देवळांत तासन्‌तास रांगा लावून दर्शनं घेतली आहेत. हात आपोआप जोडले गेले ते त्या खोलीत, तळणाच्या वासात.

त्यानंतर काकू बरेच दिवस होत्या. संचारबंदी उठली, पोरं पुन्हा ओरडू लागली, त्यांच्या नावांवर त्या जेवत राहिल्या. माझी बदली अकोल्याला झाली आणि मी खोली सोडली. एका उन्हाळ्यात, पहाटे झोपेतच, त्या गेल्याचं रिक्षावाल्यानं मला फोनवर कळवलं.

परवा कामानं अमरावतीला गेले तेव्हा दुपार कलली होती. दुकान चालू होतं. लाल नळकांडं भिंतीवर तसंच होतं, पडदाही तसाच, धुऊन धुऊन विरलेला. मालक वाळले होते. मला पाहून त्यांनी विचारपूस केली, टिक्की भाजली आणि पुडकं सरळ माझ्या हातात दिलं, छातीशी धरलं नाही. मी कागद पाहिला. शाई तीच तांबडी. वाक्यं मात्र दोनच होती. खायच्या आधी एकदा देवाचं नाव घ्या. कोणत्याही देवाचं चालेल. तिसरं वाक्य त्यांनी काढून टाकलं होतं. आत ऐकणारं आता कोणी नव्हतं.

मी मान खाली घालून मनातल्या मनात नाव घेतलं आणि कागद उलगडला. तेवढ्यात माझं लक्ष गल्ल्याकडे गेलं. तिथे त्यांचं स्वतःचं पुडकं होतं, गुंडाळलेलं, न उघडलेलं, कधीच थंड झालेलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले.

“आयकू नाई आलं मले,” ते म्हणाले.

मी मोठ्यानं घेतलं. मग ते जेवले.